दगडापलीकडची जाळी

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेआठच्या सुमारास, माझ्या मामीने बदलापूरजवळच्या तिच्या गावात नऊ पाहुण्यांसमोर लोणच्याची प्लास्टिकची बरणी आणून ठेवली. बरणीत तीन कोळी होते. जिवंत, काळे-पिवळे, पाय पसरले तर तळहात भरेल एवढे. झाकणाला तापलेल्या दाभणाने सात भोके पाडलेली होती.

"बघा निवांत," मामी म्हणाली. "चहा घेता घेता बघा. त्याच्यापायी रानात कशाला हिंडायचं?"

पाहुणे अंबरनाथ पूर्वेचे होते, आमच्या सोसायटीतले आणि शेजारच्या दोन इमारतींतले. हेच कोळी देवराईत, त्यांच्या जाळ्यांत बसलेले बघायला ते आले होते. ती जाळी आदल्या दिवशी काढून टाकण्यात आली होती.

मामीचे गाव बदलापूर गाव मागे टाकून बारवी धरणाच्या रस्त्याला लागले की येते. तीसेक घरे. मागे देवराई, म्हणजे गावाने देवाच्या नावावर राखून ठेवलेले रान. ऐन, किंजळ, जांभूळ, आणि एका जागी बारमाही झरा. देवराईच्या तोंडाशी शेंदूर लावलेला दगड आहे. त्या दगडापलीकडे तीन गोष्टी जात नाहीत: कोयता, झाडू आणि पायताण. नियम कुणी केला हे गावात कुणाला सांगता येत नाही. मोडल्याचे उदाहरणही कुणाला सांगता येत नाही. आजूबाजूची रानाची जमीन प्लॉट पाडून विकली गेली, तिथे तारेची कुंपणे आणि फार्महाऊसच्या पाट्या आल्या. देवराई तशीच आहे.

मामीचा मुलगा टेम्पो चालवतो. त्याची बायको उल्हासनगरच्या कॅम्पात वाढलेली. लग्नाआधी ती एका जीन्सच्या कारखान्यात होती, आधी धागे कापायला, मग शिलाईवर. त्या दिवाळीत टेम्पोला काम कमी झाले आणि जुन्या शेठचा फोन आला. पुढच्याच्या पुढच्या सोमवारपासून ये. म्हणजे सकाळी सहाला घर सोडायचे आणि परत यायला साडेआठ. दीड वर्षाची मुलगी मामीजवळ राहणार. हे घरात कुणालाच नको होते, आणि नको म्हणण्याइतकी सवड कुणाला नव्हती.

याच सुमारास मी मध्ये पडलो. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. आता रविवारी लोकांना घेऊन पक्षी, किडे, झाडे दाखवायला जातात. त्यांना सगळे बाईच म्हणतात. मी त्यांना देवराईच्या वाटेवरच्या जाळ्याचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून तो बराच वेळ पाहिला.

"हे कुठलं?"

"माझ्या मामीकडचं."

"जेवण करेल मामी? आणि वाट दाखवायला घरचं कुणीतरी हवं. बाहेरचा गाइड मला नको. लोकांना आवडलं तर सीझनभर दर रविवारी आणीन."

दर रविवार ठरला, तर जेवणाच्या आणि वाट दाखवण्याच्या पैशांत सुनेला उल्हासनगरला जाण्याची गरज उरत नव्हती. मामीच्या घरात पुढचा आठवडाभर हा एकच विषय होता.

फोनवर मी मामीला सांगितले की लोक कोळी बघायला येणार आहेत.

"कोळी? तुमच्या बिल्डिंगीत नाय काय?"

"आहेत. पण एवढे मोठे नाहीत."

"भाचेराव, मामीची चेष्टा करायची वेळ हाय ही?"

तिसऱ्यांदा सांगितल्यावर तिला पटले. पटल्यावर तिने घरी पाहुणे यायचे असताना जे करतात ते केले. शनिवारी दुपारी ती आणि चार शेजारणी लांब बांबूंना खराटे बांधून निघाल्या. गावापासून दगडापर्यंतची सगळी वाट झाडली, दोन्ही बाजूंची जाळी डोक्यावर हात पुरेल त्याच्याही वरपर्यंत काढली, पाणी शिंपडले, वळणावर रांगोळी घातली. कोळी मात्र मारले नाहीत. ते बघायला लोक येणार होते, म्हणून पाच धरून बरणीत ठेवले.

रविवारी बाईंनी बरणी उचलून उजेडात धरली. पाहुण्यांपैकी एक गृहस्थ कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले होते. ते दोन पावले मागे सरले.

"किती ठेवले होते?" बाईंनी विचारले.

"पाच," मामी म्हणाली, आणि तिने स्वतः मोजले. "दोन कुठं गेले?"

"खाल्ले."

"कुनी?"

"ह्या तिघींनी. सगळ्या माद्या आहेत."

मामीने बरणीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले. मग ती म्हणाली, "जाळी काढली त्याला काय झालं? पाहुन्यांच्या तोंडावर बसली असती म्हंजे? आमाला शोभलं असतं?"

सुनेने बरणी घेतली आणि सगळे दगडापर्यंत गेले. वाट खरोखर स्वच्छ होती. काडी नव्हती. दगडाशेजारच्या फांदीवर सुनेने बरणी आडवी धरली, कोळी एकेक करून बाहेर आले आणि पानांत दिसेनासे झाले.

दगडापलीकडे झाडू गेला नव्हता. तिथे ऐनापासून किंजळापर्यंत, एकामागे एक, जाळी होती. ऊन तिरपे येत होते आणि धागे पिवळे दिसत होते. जवळात जवळचे जाळे दगडापासून तीसेक पावलांवर असेल.

दगडाजवळ एक म्हातारे गृहस्थ बसले होते. देवराईची राखण त्यांच्या घराण्याकडे आहे. गाव त्यांना आबा म्हणते. त्यांनी आधी पाहुण्यांच्या पायांकडे पाहिले, नंतर तोंडांकडे.

"पायातलं हितं काढा, मग जावा."

"अनवाणी?" बाई म्हणाल्या. "अनवाणी मी कुणाला जंगलात नेत नाही. तीस वर्षांत नेलं नाही. काटा आहे, विंचू आहे. कुणाला काही झालं तर मी जबाबदार."

"मग हितूनच बघा. बघायला बंदी नाय."

बाई बौद्ध आहेत. शेंदराच्या दगडाशी त्यांचे काही देणेघेणे नाही. त्यांनी दगडाकडे पाहिले, मागच्या झाडांकडे पाहिले, आणि आबांना म्हणाल्या, "झाडं तुम्ही राखलीत. नियम तुमचा. तो मी मोडणार नाही. पण माझाही एक आहे."

"नेम असावाच मानसाला," आबा म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

एका दुर्बिणीतून नऊ जणांनी पाळीपाळीने जाळी पाहिली. दहा वाजता सगळे परत फिरले. मामीने नव्या तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाचे पिठले आणि सुकटीची चटणी केली होती. निवृत्त अधिकाऱ्यांनी चार भाकऱ्या खाल्ल्या. निघताना बाईंनी मला बाजूला घेतले. पुढच्या रविवारी त्या दुसरा गट घेऊन बारवीकडे पाणपक्षी दाखवायला जाणार होत्या. इथे नाही.

मी हे मामीला सांगितले. ती पाहुण्यांची ताटे विसळत होती.

"जेवन आवडलं नाय?"

"आवडलं."

"मग?"

"बूट, मामी."

तिने हातातले ताट पालथे घातले. "आबांशी बोलून बघू?"

"ऐकतील?"

"आबा? सख्ख्या लेकाच्या लग्नात देवाच्या पाया पडायला नेला, तर नवऱ्याचे नवे बूट दगडाजवळ काढायला लावले. ते कुत्र्यानं नेले. पोरगा मांडवात सपाता घालून उभा."

सून ओट्यावर मुलीला भरवत होती. तिने न वळता विचारले, "भाऊजी, बाईंना एक विचारा ना. पायात बूटच पाहिजे, की जाड काहीपण चालेल?"

मी तिथूनच बाईंना फोन लावला. त्यांची गाडी बदलापूरच्या सिग्नललाही पोहोचली नव्हती. त्या म्हणाल्या, "तळवा जाड हवा. घोटा झाकलेला हवा. काटा आत येता कामा नये. बाकी काही का असेना."

सून उठून आबांकडे गेली. परत आली तेव्हा तिच्याजवळ दुसरे उत्तर होते. चामडे नको. बाहेर फिरून आलेले नको. दगडाजवळ राहील आणि तिथेच धुतले जाईल असे असले, तर आबा बघतील. हो म्हणाले नव्हते. बघतील म्हणाले होते.

कारखान्यात जायचा सोमवार आठ दिवसांवर होता.

माझी साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते. त्या बुधवारी मी गेलो तेव्हा ओट्यावर शिलाई मशीन आलेले होते आणि पहिला जोड तयार होता. उल्हासनगरहून माहेरच्यांनी पाठवलेल्या जीन्सच्या कटपीसचा, गडद निळा, घोट्याच्या वर चार बोटे येणारा मोजा. तळव्याला सहा थर, त्यावर गोधडीसारखे जवळजवळ टाके. मी पायात घालून अंगणात फिरलो. मामी म्हणाली, "अस्वल दिसतंय." मुलगी रडू लागली.

आबांनी जोड हातात घेतला, वास घेतला, उलटा करून पाहिला.

"कुनी घातलेला हाय?"

"नाय आबा. कोरा माल. कटिंग टेबलवरचा."

"पान्यात टाक."

"का?"

"टाक तर."

मामीने पांढरी बादली भरून आणली. जोड त्यात बुडवला. चहा होईपर्यंत पाण्याला निळी झाक आली. चहा पिऊन होईपर्यंत पाणी शाईसारखे झाले.

"उल्हासनगरचा नाला बघितलाय मी," आबा म्हणाले. "सकाळी निळा, दुपारी काळा. हे पायात घालून दहा जन वल्यातून चालले, मग आमचा झरा कुठल्या रंगाचा?" त्यांनी जोड दोन बोटांत धरून सुनेच्या हातात दिला. रागाने नाही. "शिलाई चांगली हाय पोरी."

ते गेल्यावर मामीने बादली परसात ओतायला उचलली. आबांनी वाटेतून ओरडून तिला थांबवले. ते पाणी शेवटी रस्त्याकडेच्या दगडखाणीच्या खड्ड्यात ओतण्यात आले.

कच्च्या कापडाचा रंग सुटतो हे सुनेला माहीत होते. कारखान्यात पँट शिवून झाल्यावर धुलाईला जाते, तिथे तो सुटतो. धुतल्यानंतर ज्यात खोट निघते, चेन वाकडी बसते किंवा खिसा खालीवर होतो, तो माल बाजूला पडतो. तो कुणी घातलेला नसतो आणि त्याचा रंग जायचा तेवढा गेलेला असतो. गुरुवारी ती मुलीला मामीजवळ ठेवून उल्हासनगरला गेली. पुढचे संभाषण तिने मला सांगितले आहे. मी तिथे नव्हतो.

"बेटा, सोमवार को आना था. आज कैसे?"

"सेठजी, रिजेक्ट माल चाहिए. धुला हुआ."

"क्या करेगी?"

"जूते बनाऊँगी."

"पँट के जूते?" शेठने मशीनवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले. कारखाना हसला. मग त्याने गोदामाकडे बोट केले. "ले जा, जो चाहिए. लेकिन सोमवार पक्का ना?"

"संडे के बाद बोलती हूँ."

ती दोन गोणी घेऊन आली. रिक्षावाल्याने गोणींची वेगळी सीट लावली.

शुक्रवारी आणि शनिवारी त्या ओट्यावर सुनेखेरीज पाच बायका होत्या, त्याच पाच, ज्यांनी जाळी काढली होती. मी शनिवार-रविवारची रजा टाकली. सून वरचा भाग मशीनवर शिवत होती, बाकीच्या तळवे हाताने टाचत होत्या. अठरा नंबरच्या सहा सुया मोडल्या. कमरेच्या पट्ट्यांचा भाग सर्वांत जाड असतो म्हणून तो टाचेखाली घ्यायचा, ही सूचना मामीची होती. त्या सूचनेची तिने दिवसभरात अनेकदा सर्वांना आठवण करून दिली.

"सासूबाईंचं डोकं," सून म्हणाली.

"मंग? कोळी धरायचं पन माझंच व्हतं," मामी म्हणाली, आणि सहाही जणी हसू लागल्या. हसणे थांबेपर्यंत काम थांबले.

शनिवारी सकाळी एक जोड पांढऱ्या बादलीत बुडवून ठेवला होता. दुपारी चारला आबा आले. बादलीतले पाणी स्वच्छ दिसत होते. आबांनी ते मान्य केले नाही. त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, बादलीत जोडासोबत दाबली, चुरगळली, पिळून उन्हात धरली. दोन्ही बाजूंनी पाहिली. मग ती ओलीच डोक्यावर घातली.

"दगडाजवळ दोरी बांधा," ते म्हणाले. "घरी न्यायचे नायत."

बाईंना मी आधीच फोन केला होता. त्यांनी पाणपक्ष्यांचा बेत रद्द केला नव्हता. रस्ता तोच होता. "गाडी तिथे थांबवीन," त्या म्हणाल्या होत्या. "काटा टोचून बघीन. आत आला, तर पुढे निघेन."

रविवारी सव्वाआठला गाडी थांबली. बाई धरून दहा जण उतरले. वाट या खेपेस झाडलेली नव्हती. दोन ठिकाणी वाटेवर नवी जाळी आडवी आली होती आणि मामी त्यांच्याखालून वाकून जाताना पाहुण्यांनाही वाकायला लावत होती. रांगोळी मात्र होती.

दगडाजवळ दोरीवर अकरा जोड टांगलेले होते. बाईंनी पर्समधून कागदाची पुडी काढली. त्यात बाभळीचे दोन लांब काटे होते, घरून आणलेले. त्यांनी एकेक जोड खाली घेतला, आत एक हात घातला आणि बाहेरून काटा दाबला. सून मुलीला कडेवर घेऊन उभी होती. मुलगी हात पुढे करून काटा मागत होती.

पहिल्या जोडात काटा गेला नाही. दुसऱ्यात गेला नाही. सहाव्यात तो मोडला. बाईंनी दुसरा काढला. अकराव्या जोडाच्या उजव्या पायात, टाचेजवळ, काटा आत आला. बाईंनी बोट बाहेर काढून सर्वांना दाखवले. रक्त नव्हते, पण टोक लागलेले दिसत होते.

"हा कुणाचा?"

"भाऊजींचा," सून म्हणाली. "शेवटचा होता. पट्टी संपली."

"मग भाऊजी इथे थांबतील," बाई म्हणाल्या.

त्यांनी स्वतःचे बूट काढून दगडाअलीकडे ओळीत लावले आणि पहिला जोड पायात चढवला. बाकीच्यांनी चढवले. पाहुण्यांतल्या एकीने मोबाइलवर सर्वांच्या पायांचा फोटो काढला. मामी आणि सून अनवाणी होत्या. बाईंनी त्यांच्या पायांकडे पाहिले.

"आमचे पाय जुने हायत, बाई," मामी म्हणाली. "चला."

सुनेने मुलगी माझ्याकडे दिली आणि ती पुढे झाली. बारा जण दगडापलीकडे गेले. मी, आबा आणि मुलगी अलीकडे राहिलो. पलीकडे काय दिसले ते मी पाहिलेले नाही. जे ऐकू आले ते सांगतो. आधी बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग बाईंचा वर्गात शिकवल्यासारखा आवाज आला. मधोमध बसलेली ती मोठी, ती मादी. वरच्या कोपऱ्यात तांदळाएवढा दिसतोय, तो नर. तो तिच्याच जाळ्यात राहतो, तिने आणलेलं खातो.

"आमच्याकडं पन असंच हाय," मामीचा आवाज आला.

हसणे देवराईतून दगडापर्यंत आले. आबांनी हसू दाबले आणि टोपी नीट केली. टोपी पांढरीच होती.

पावणेदहाला सगळे परत आले. जोड सोडून दोरीपाशी दिले. सुनेने ते झऱ्यापासून लांब, घमेल्यात धुतले आणि पुन्हा टांगले. जेवणानंतर बाईंनी डायरी काढली आणि मामीला विचारले, ही जाळी कधीपर्यंत राहतात. मामीला ते माहीत नव्हते. गेली चाळीस वर्षे ती वाटेवरची काढत आली होती. आबा म्हणाले, थंडी सरेपर्यंत. बाईंनी थंडी सरेपर्यंतचे रविवार लिहिले. मग सुनेला विचारले, प्रत्येक रविवारी तीच येईल ना वाट दाखवायला. सून मामीकडे बघत म्हणाली, "विचारून सांगते." मामी म्हणाली, "विचारायचं काय त्याच्यात?" यापुढे त्या दोघींचे काय बोलणे झाले ते मला कळले नाही. मी बाईंच्या गाडीतून अंबरनाथला आलो.

सोमवारी सकाळी साडेसातला मी मामीच्या मोबाइलवर फोन केला. तो नेहमी घरातल्या फळीवर असतो. फोन सुनेने उचलला. ती म्हणाली, "सासूबाई गोठ्यात आहेत. तुमचा जोड आबांना विचारून घरी आणलाय, उसवायला घेतलाय मी."